लकवा झाल्यानंतर गावातच राहून हातापायांत किती बळ परत येऊ शकते?

काळीमाती (केळापूर तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. सोयाबीन काढणीच्या घाईत माझ्या आईला लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणे अशी तिन्ही एकदम गेली. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचे तपासणीत निघाले. मात्र आम्ही शहरातल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. आता आई घरी आहे. धरून उभे केले तर उभी राहते आणि पायात थोडी हालचाल आहे, हात मात्र खांद्यापासून लोंबतो. तिला सगळे समजते, पण तोंडातून ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच निघते, तेही कधीकधी उलट.

सुटी देताना व्यायामाचा एक छापील कागद हाती दिला आणि रोज फिजिओथेरपी करा असे सांगितले. फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावी बसतात. एसटी दिवसातून दोनदाच येते आणि आईला चढवायला-उतरवायला दोन माणसे लागतात. सध्या कापसाची वेचाई सुरू असल्याने रोज दोन माणसे मोकळी करणे आमच्यासारख्या घराला शक्य होत नाही. म्हणून तीन गोष्टी विचारतो. घरच्या घरी करून घेतलेल्या व्यायामाचा खरोखर उपयोग होतो का? सहा महिन्यांत जे परत येईल तेवढेच, पुढे काही नाही, असे सगळे म्हणतात ते खरे आहे का? आणि ज्यांनी हे घरात पाहिले आहे त्यांनी सुरुवात कशाने केली?

बोरगावकर

दादा, वेळ घालवू नका. सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या एका गावी लकव्यावर जडीबुटी देतात, तिथे आईला घेऊन जा. माझ्या काकांना उचलून नेले होते आणि पंधरवड्यात ते काठी धरून चालू लागले. आमच्याकडे कबुतराचे रक्तही चोळतात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पाय हलताना मी तरी कोणाचा पाहिला नाही.

वर्धाकाठ (फिजिओथेरपिस्ट)

मी वर्धा जिल्ह्यात सरकारी रुग्णालयात काम करते आणि माझ्याकडे येणारे निम्म्याहून अधिक पक्षाघाताचे रुग्ण खेड्यांतले असतात. बोरगावकर, तुमचे काका चालू लागले याचा मला मनापासून आनंद आहे. पण पहिल्या काही आठवड्यांत मेंदूची सूज उतरते, गुठळीच्या आसपासचा जो भाग मेलेला नसून नुसता बधिर झालेला असतो तो पुन्हा काम करू लागतो आणि पुष्कळ रुग्णांच्या पायात आपोआप बळ येते. त्याच दिवसांत जी पुडी दिली असेल तिला यश मिळाल्यासारखे वाटते. कबुतराच्या रक्ताचा काडीचाही उपयोग नाही, कातडीला जखम असेल तर त्यातून संसर्ग मात्र होऊ शकतो. श्रद्धेने कुठे दर्शनाला जायचे असेल तर जरूर जावे, पण रक्त पातळ ठेवण्याच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत आणि अनोळखी चूर्ण पोटात जाऊ देऊ नये. असे प्रवास करून आलेले रुग्ण दुसऱ्या झटक्याने आणखी खचलेले मी पाहिले आहेत.

काळीमाती, पहिली गोष्ट खांद्याची. लुळा हात धरून आईला कधीही ओढून उठवू नका. खांद्याचे स्नायू सैल पडले की हाताचे हाड खोबणीतून खाली सरकते. मग जे दुखणे सुरू होते त्याने रुग्ण व्यायामालाच नकार देतो. उठवताना तिच्या कमरेला पंचा घट्ट बांधा आणि त्याला धरा. झोपलेली असताना खांद्याखाली घडी घातलेली गोधडी ठेवा आणि बसलेली असताना हात मांडीवरच्या उशीवर ठेवा. ब्लाउज समोरून बटणांचा असावा. घालताना आधी लुळा हात बाहीत जाईल आणि काढताना तो शेवटी निघेल, एवढा क्रम घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. जोवर ती स्वतः कूस बदलू शकत नाही, तोवर दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागेल, नाहीतर माकडहाडावर जखमा होतात.

दुसरी गोष्ट उठून उभे राहण्याची, कारण चालणे तिथूनच सुरू होते. बाजेवरून हा व्यायाम करू नका. बाजेला मधोमध झोळ असतो आणि त्यातून निरोगी माणसालाही उठायला कष्ट पडतात. आईला लाकडी तख्तावर किंवा खुर्चीवर बसवा. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे असाव्यात. मग तिला पुढे वाकायला सांगा, इतके की नाक पायाच्या अंगठ्यांच्याही पुढे येईल, आणि त्या वाकलेल्या स्थितीतून वर उठू द्या. तुम्ही अधू बाजूला उभे राहून तिचा गुडघा आपल्या गुडघ्याने अडवून धरा. सगळे वजन चांगल्या पायावर टाकून ती उठत असेल तर थांबवा आणि अधू पायावर भार येतो आहे ना ते पाहा. थकवा येईपर्यंत एकदाच करण्यापेक्षा थोडे थोडे, दिवसातून अनेकदा करणे चांगले.

सरकी (जि. अकोला)

माझ्या सासूबाईंची डावी बाजू गेली होती. आमच्या घरात चार बायका, त्यामुळे त्यांना पाणीही हाताने पाजत होतो आणि त्यालाच सेवा समजत होतो. फिजिओथेरपीच्या ताई घरी आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना बाहेर बसवले आणि सासूबाईंना एकट्याने जेवू दिले. निम्मा भात जमिनीवर सांडला, पण निम्मा पोटात गेला. दुसऱ्या दिवशी मी चमचा उचलला तर सासूबाईच म्हणाल्या, “मले करू दे.” ताटाखाली ओले फडके ठेवले की ताट सरकत नाही आणि काठ उंच असलेली खोलगट थाळी घेतली की घास कडेला लावून उचलता येतो, हे दोन उपाय आम्हाला फार उपयोगी पडले.

आणखी एक सांगते, कारण डाव्या बाजूच्या लकव्यात हे पुष्कळांना होते. सासूबाई ताटातली उजव्या बाजूची भाकरी-भाजी खायच्या आणि डाव्या बाजूचे वरण तसेच राहायचे. आम्हाला वाटले भूक नाही. ताईंनी ताट फिरवून ठेवले तर तेही खाल्ले. मेंदूला डावीकडचे जगच जाणवत नव्हते. मग आम्ही पाण्याचा तांब्या डावीकडे ठेवू लागलो, त्यांच्याशी बोलायला डावीकडे बसू लागलो, म्हणजे मान तिकडे वळेल. त्याच काळात चुलीजवळ बसल्या असताना त्यांचा डावा हात भाजला आणि त्यांना कळलेही नाही. म्हणून अंघोळीचे पाणी आधी दुसऱ्याने पाहावे आणि रुग्णाला विस्तवापासून दूर बसवावे.

हाताच्या व्यायामासाठी आम्ही कधीच काही विकत आणले नाही. बोटे थोडी हलू लागल्यावर देवासाठी कापसाच्या वाती वळणे, तुरीच्या ओल्या शेंगा सोलणे आणि दोन्ही हातांनी कणीक मळणे अशी कामे दिली. नुसते हात वर-खाली करायला त्या कंटाळायच्या, वाती मात्र न सांगता वळत बसायच्या, कारण त्या वाती संध्याकाळी देवापुढे लागणार असायच्या.

पूर्णाकाठ

सरकीताई, तुमचा अनुभव मोलाचा आहे. तरी एक गोष्ट स्पष्ट मांडतो, कारण ‘घरच्यांनीच करा’ हा सल्ला सरकारी यंत्रणेला फार सोयीचा पडतो. आपल्याच देशात ‘अटेंड’ नावाची मोठी चाचणी झाली. १४ रुग्णालये आणि १२५० रुग्ण असा तिचा आवाका होता आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. एका गटात नेहमीच्या उपचारांबरोबर घरच्या माणसाला व्यायाम शिकवून घरी पाठवले आणि दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. म्हणजे सुनेला किंवा मुलाला थोडा वेळ शिकवले की काम झाले, असे नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायम स्वरूपाचा फिजिओथेरपिस्ट असणे हा आपला हक्क आहे आणि त्याच्या जागी घरातल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम टाकले जात असेल तर त्याला विरोध व्हायला हवा.

वर्धाकाठ

पूर्णाकाठ यांनी सांगितलेली चाचणी खरी आहे आणि त्यांच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण तिच्या शेजारी आणखी एक चाचणी ठेवून वाचली पाहिजे. अमेरिकेत ‘लीप्स’ नावाची चाचणी झाली. तिच्यात ४०८ रुग्ण होते आणि २०११ साली ती प्रसिद्ध झाली. अंगाला पट्टे बांधून, वजन उचलून धरून, ट्रेडमिलवर चालवण्याच्या महागड्या पद्धतीची तुलना त्यांनी घरी येऊन करून घेतलेल्या साध्या बळ आणि तोल वाढवण्याच्या व्यायामाशी केली. वर्षअखेर दोन्ही पद्धतींचे रुग्ण सारखेच सुधारले होते आणि निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांचे चालणे वरच्या पायरीवर गेले होते. फरक एवढाच की तिथे घरचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट स्वतः येऊन करून घेत होता आणि रुग्ण जसजसा सुधारेल तसतसा व्यायाम अवघड करत होता.

या दोन्हींवरून माझे मत असे की घर ही जागा कमी प्रतीची नाही आणि यंत्र नसल्याने फारसे अडत नाही. अडते ते व्यायाम वेळोवेळी बदलणारे जाणते माणूस नसल्यामुळे. काळीमाती, सुटीच्या दिवशी दिलेला कागद हा त्या दिवसाच्या आईसाठी होता, पुढच्या महिन्यातल्या आईसाठी तो अपुरा ठरेल. रोज जाणे जमत नसेल तर महिन्यातून दोनदा तरी जा, घरी करतानाचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ दाखवा आणि प्रत्येक वेळी पुढचा, थोडा अवघड व्यायाम शिकूनच परत या.

मोहफूल (जि. गडचिरोली)

मी आरोग्य खात्यात काम करतो. लकवा हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा आजार आहे असे अजूनही पुष्कळांना वाटते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांमध्ये २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली तेव्हा सगळ्यांत वरचे कारण पक्षाघात निघाले. साधारण सातातला एक मृत्यू त्यामुळे झालेला होता. म्हणून धाग्याचा विषय पुनर्वसनाचा असला तरी सांगतो, की ज्यांना एकदा झटका आला आहे त्यांच्या पुनर्वसनातला पहिला व्यायाम रक्तदाबाची गोळी हाच आहे. दुसरा झटका आला तर महिनोन्महिने कमावलेले एका सकाळी जाते. ‘बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली’ हे वाक्य मी गावोगाव ऐकतो. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

खर्र्याबद्दलही बोलले पाहिजे. आपल्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेली पन्नी खिशात नसलेला माणूस शोधावा लागतो. लकवा झालेला माणूस एका हाताने खर्रा घोटू शकत नाही, म्हणून नातू घोटून देतो, हेही मी पाहिले आहे. तंबाखूने रक्तदाब वाढतो आणि रक्तवाहिन्या खराब होतात. रुग्णाला धरून चालता यावे म्हणून अंगणात बांबू रोवतात, पण त्याआधी ही पन्नी घराबाहेर गेली पाहिजे.

आणि घरातल्या दुसऱ्या कोणाचे तोंड वाकडे झाले, हात खाली पडला किंवा जीभ जड झाली तर कांदा हुंगवत बसू नका, तोंडात पाणी घालू नका आणि रक्तस्राव आहे की गुठळी हे सीटी स्कॅनने कळण्याआधी कोणतीही गोळी देऊ नका. लक्षण दिसल्याची वेळ लिहून ठेवा, १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅन कुठे होतो तेवढेच विचारा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते.

वैनगंगा

पाण्याचा उल्लेख निघाला म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना लकव्यानंतर गिळताना ठसका लागायचा. एका खाजगी दवाखान्यात ‘कमजोरीने होते, फळांचा रस पाजा’ असे सांगून आमची बोळवण केली. रस आणि पाणी पातळ असल्यामुळेच श्वासनलिकेत उतरत होते. त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्यातून ते उठले नाहीत. लकव्याने ते वाचले होते. म्हणून प्रत्येकाने पहिल्याच दिवशी गिळण्याची तपासणी मागून घ्यावी, असे मी कळकळीने सांगते. ठसका, जेवताना आवाज घोगरा किंवा ओला होणे, गालात घास साठून राहणे, वारंवार ताप येणे, ही सगळी लक्षणे आहेत. पाठ सरळ ठेवून बसवल्याशिवाय काही भरवू नये, जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये आणि तोंड आतून स्वच्छ ठेवावे. पातळ पदार्थापेक्षा घाटा, दाट आंबील, मऊ खिचडी, घोटलेले घट्ट वरण असे खाणे गिळायला सोपे जाते, पण किती दाट ते तपासणाऱ्यालाच विचारावे.

जुना गुरुजी (जि. अमरावती)

मी स्वतः लकव्यातून उठलेला माणूस आहे आणि हे डाव्या हाताने टाइप करत आहे, म्हणून सावकाश लिहितो. माझीही उजवी बाजू आणि बोलणे गेले होते. काळीमाती, तुमच्या आईच्या मनात काय चालले असेल ते मी थोडे सांगू शकतो. शब्द डोक्यात असतो, त्या वस्तूचे चित्रही समोर असते, पण जिभेवर भलताच शब्द येतो. आपण ‘नाही’ म्हटले हे आपल्या कानांना ऐकू येते तेव्हा ‘हो’ म्हणायचे होते हे कळते, आणि मग रडू येते. लोक मोठ्याने ओरडून बोलू लागतात, जणू मी बहिरा झालो आहे. काही लोक माझ्यासमोरच माझ्याबद्दल तिसऱ्या माणसाशी बोलतात. हे दोन्ही टाळा. एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तराला भरपूर वेळ द्या, तिचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. ‘हो’ आणि ‘नाही’ उलटत असेल तर अंगठा वर आणि अंगठा खाली अशी खूण ठरवा, म्हणजे गोंधळ होणार नाही. पाणी, संडास, दुखते, औषध, झोप यांची चित्रे एका पुठ्ठ्यावर काढून तिच्या हाताशी ठेवा.

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी होते. मला नुसते नेऊन बसवत. एका संध्याकाळी सगळ्यांबरोबर माझ्या तोंडून प्रार्थनेचे शब्द सलग निघाले. स्वतःचे नाव सांगता येत नसताना हे घडले. लोकांना तो चमत्कार वाटला. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी मला समजावले की बोलणे बिघडलेल्या पुष्कळ रुग्णांचे गाणे शाबूत राहते, आणि पाठ झालेली प्रार्थना, अंक, वार, पाढे हे मेंदू वेगळ्या वाटेने काढतो. त्याच वाटेने त्यांनी माझ्याकडून रोजची वाक्ये चालीत म्हणवून घेतली, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून. ‘पाणी दे’ हे मी आधी गायलो आणि नंतर बोललो. माझा नातू पाटी घेऊन समोर बसायचा आणि म्हणायचा, “आबाजी, आज पाचाचा पाढा.” मी अनेक वर्षे ज्या पाढ्यांसाठी मुलांच्या मागे लागलो, तेच पाढे तो माझ्याकडून घोटून घेत होता आणि आम्ही दोघेही मनापासून हसायचो. तुमच्या आईला जात्यावरची ओवी, आरती किंवा पाळणा येत असेल तर तिच्याबरोबर रोज म्हणा.

सहा महिन्यांबद्दल विचारले आहे. माझी सही बँकेने मान्य केली ती दुसऱ्या वर्षात.

मोर्शीकर

गुरुजींचे लिहिणे वाचून डोळे भरून आले. माझ्या यजमानांना लकवा झाला तेव्हा ते चाळिशीत होते. पायात बळ आले, पण ते व्यायाम करेनात, भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आळशी झाले असे सगळे म्हणत. लकवा झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येते आणि त्यावर औषध असते, हे मला वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात कळले. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ते आपणहून अंगणातल्या बांबूंना धरून उभे राहिले. कधी कारण नसताना रडू किंवा हसू आवरत नाही, तोही मेंदूच्या इजेचाच भाग असतो, त्यावरून कोणी चिडवू नये.

सांभाळणाऱ्या बाईकडेही कोणी पाहावे एवढे माझे म्हणणे आहे. रात्री दोनदा उठवून कूस बदलायची, पहाटे स्वयंपाक, मग शेत. माझ्या जाऊबाईंनी आठवड्यातला एक दिवस स्वतःकडे घेतला नसता तर मी अंथरुणाला खिळले असते. बोलावेसे वाटले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

काळीमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्यंतरी काही लिहिले नाही, कारण सांगितलेले करून पाहत होतो. आईसाठी गावच्या सुताराकडून कमरेइतक्या उंचीचे दोन बांबू अंगणात समांतर रोवून घेतले. ती आता त्यांना चांगल्या हाताने धरून तख्तापासून तुळशीपर्यंत जाते, मी मागे पंचा धरून असतो. संडासासाठी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतले. आरती लावली की ओठ हलतात आणि शेवटचे शब्द स्पष्ट येतात. बोरगावकरदादांनी फोन करून विचारपूस केली आणि तालुक्याला न्यायला स्वतःची गाडी देऊ केली, त्याबद्दल त्यांचे इथेच आभार मानतो.

एक काळजी आहे. लोंबणारा हात आता उलट कडक होऊ लागला आहे, कोपर वाकते आणि बोटे मुठीत वळतात. शेजारच्या काकू गरम तेलाने जोरात मालीश करा म्हणतात. करावी का?

वर्धाकाठ

जोरात मालीश नको आणि गरम शेकही नको, कारण त्या हाताला भाजल्याचे कळणार नाही. सैल हात कडक होणे हा पुष्कळ रुग्णांमधला ठरलेला टप्पा आहे. झटका देऊन ओढले की स्नायू आणखी आखडतो. त्याऐवजी आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि शेवटी अंगठ्याच्या बुडाला धरून बोटे, अशा क्रमाने सावकाश उघडा आणि अर्धा ते एक मिनिट तसेच धरून ठेवा. तळवा उघडला की तो तख्तावर टेकवून त्यावर आईला थोडा भार देऊन बसू द्या. मुठीत नखे रुतत असतील तर मऊ फडक्याची गुंडाळी ठेवा. एवढे करूनही मूठ उघडत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर गोळ्या असतात आणि निवडक स्नायूंत देण्याचे बोट्युलिनमचे इंजेक्शनही असते, पण इंजेक्शननंतर व्यायाम झाला नाही तर त्याचा खर्च वाया जातो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ज्याला गुरुजींनी स्वतःच्या सहीने उत्तर दिले आहे. पहिले तीन ते सहा महिने सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो हे खरे आहे, म्हणून हे दिवस वेचाईत हरवू देऊ नका. पण सहाव्या महिन्यानंतर दार बंद होते असे मुळीच नाही. ‘लीप्स’ चाचणीत आणखी एक गट होता, ज्याचे ट्रेडमिलचे प्रशिक्षण सहा महिन्यांनी सुरू केले, तेही रुग्ण वर्षअखेर बाकीच्यांच्या बरोबरीला आले होते. हाताबाबत ‘एक्साइट’ नावाची चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. त्यातल्या एका गटाचा चांगला हात दोन आठवडे जागेपणी बहुतेक वेळ मोज्यात बंद ठेवला आणि अधू हाताकडून कसून कामे करून घेतली, त्यांचा हात नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांपेक्षा अधिक सुधारला. मात्र ही पद्धत मनगट आणि बोटे थोडी तरी स्वतःहून उघडता येणाऱ्यांसाठीच आहे. आईचा हात अजून तिथे पोहोचलेला नाही, म्हणून आज तिचा डावा हात बांधून ठेवू नका. हात पायापेक्षा उशिरा आणि बहुधा कमी सुधारतो, हेही मी लपवणार नाही.

चालताना काठी डाव्या हातात द्या. ओसरीची पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. पाऊल घासत असेल तर पोटरीमागून तळव्याखाली जाणारा प्लास्टिकचा आधार मिळतो, तो मापाने करून घ्या.

पूर्णाकाठ

काळीमाती, दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्जही वेळेवर करा. २०१६ च्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर सवलती मिळतात आणि एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सूट असते. अर्ज ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळावर होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ग्रामसभेत फिजिओथेरपिस्टच्या पदाचा ठराव मांडायचा असेल तर मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे.

काळीमाती

ठराव जरूर मांडू, मसुदा पाठवा. मोहफूल, आईचा रक्तदाब किती असावा आणि तो गावात कोण मोजेल, एवढेच विचारायचे राहिले.

मोहफूल

उपकेंद्रात मोजता येतो आणि आशाताईंना सांगितले तर घरीही मोजण्याची व्यवस्था होऊ शकते. बहुतेक रुग्णांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य धरतात, पण आईचा आकडा तिच्या डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या. चक्कर येत असेल तर बसलेला आणि उभा असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजायला सांगा. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का हे ईसीजीत पाहिले आहे का, तेही विचारा, कारण गुठळी हृदयातून आलेली असेल तर रक्त पातळ करण्याचे औषध वेगळे लागते. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढच्या महिन्याच्या आणून ठेवा. लोणचे आणि पापड आईच्या ताटातून काढा, आणि जमले तर सगळ्यांच्याच ताटातून.